उतारावरचं लोखंडी दार: वरळीची खांड आणि आमची उघाडी

गेल्या आठवड्यात उघाडीचा फोटो टाकला होता. दोन वर्षांपूर्वी बसवलेलं लोखंडी दार आम्ही कटरनं कापून काढतोय, असा. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, की दादा, एवढं नवं दार काढलं कशाला? आज निवांत सांगतो. जरा लांबेल, कारण मधे वरळीच्या बीडीडी चाळीपर्यंत जाऊन यायचंय, आणि तिथनं अडीचशे वर्षं मागं.

घाटावरच्या मित्रांसाठी आधी उघाडी म्हणजे काय ते. आमची खारपट्टी. खाडी आणि भातखाचरं यांच्यामधे मातीचा बांध. भरतीचं पाणी बांधाच्या बाहेर आमच्या खाचरांपेक्षा उंच चढतं, ओहोटीला खाचरांच्या खाली उतरतं. पावसाचं पाणी मग सोडायचं कधी? ओहोटीला. म्हणून बांधात एक तोंड ठेवतात आणि त्याला खाडीच्या बाजूनं, वरच्या कडेला बिजागरी असलेली झडप टांगतात. आतलं पाणी चढलं की ते झडप ढकलून बाहेर जातं. भरती आली की खाडीच तिला दाबून मिटवते. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. हीच उघाडी. आजोबांच्या काळी लाकडी फळ्यांची होती, नंतर लोखंडाची आली.

वाचायला सोपं वाटतं. पण हे दार उतारावर बसतं, आणि सगळी गोम तिथंच आहे. आमच्या तोंडाशी जमीन दोन बाजूंनी उतरते. एक उतार आतून खाडीकडं, तो हवाच, त्याशिवाय पाणी जाणार कसं. दुसरा उतार आडवा. डाव्या अंगाला टेकाडाचा मुरूम येतो, उजव्या अंगाला जुन्या ओढ्याचा गाळ. आठ फुटांच्या रुंदीत दीड फुटाचा फरक. ठेकेदारानं काय केलं, तर आडवा उतार काँक्रीट ओतून भरून काढला. मुरमाकडं सहा इंच, गाळाकडं दोन फूट. वरून पाणसळ लावली, बुडबुडा बरोबर मधोमध. आम्ही सगळे खूश. चहा झाला, नारळ फुटला.

आता बघा, काय झालं. जिथं जमीन मऊ तिथंच वजन जास्त टाकलं. पहिल्या पावसाळ्यात श्रावण संपेपर्यंत गाळाकडचा कोपरा चार बोटं खचला. चौकट चौकोनी होती ती पतंगासारखी तिरकी झाली. बिजागरीची दांडी एका बाजूला घासायला लागली, तिच्यावर खाडीतली कालवं चढली, आणि झडप एका कोपऱ्यात हातभर उघडी राहिली. पिठोरी अमावस्येच्या उधाणाला भात निसवायला आलेलं होतं. रात्रीत पाणी आत. सकाळी खाचरात पाय टाकला तर पाण्याला तो ओळखीचा तेलकटपणा. चाखून बघायची गरजच नव्हती, तरी चाखलं.

माझं अडीच एकर गेलं, गावाचं मिळून अकरा एकर. दिवाळीनंतर माती तपासली तर क्षारता नऊ डेसीसायमनच्या वर. भाताला तीनच्या पुढं त्रास सुरू होतो, हे आपल्यातल्या कृषीवाल्यांना माहीत आहे. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राचे खार सोसणारे वाण आहेत, जुना राता आहे, पण निसवताना भरतीचं पाणी उभं राहिलं तर कुठलाच वाण काही करत नाही. आता दोन-तीन पावसाळे गोड्या पाण्यानं जमीन धुवायची. ठेकेदाराला विचारलं तर म्हणला, "समुद्राचं काय सांगता येतंय?" समुद्राचं पंचांगात छापलेलं असतं हो. सांगता येत नाही ते गाळाचं, आणि ते बघायचं काम त्याचं होतं. आमचंही होतं. आम्ही बुडबुडा बघत बसलो.

हे डोक्यात घेऊनच मी वरळीला गेलो. थोरले दादा चाळीस वर्षं बीडीडी चाळीत राहिले. आधी गिरणीत, गिरणी गेल्यावर मिळेल ते काम. एकशेसाठ चौरस फुटांच्या खोलीत दादा, वहिनी, दोन मुलं, आणि गावाहून आलेला कुणीही. मीही दहावीनंतर एक वर्ष तिथं गॅलरीत झोपलोय. आता त्याच जागेवर टॉवर उभे राहिले. १४ ऑगस्ट २०२५ ला पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या, त्यात पुतण्याचं घर आलं. पाचशे चौरस फूट. पूजेला गेलो होतो. दादा खिडकीत उभं राहून खाली उरलेल्या जुन्या चाळी आणि जांबोरी मैदान बघत होते. मी त्यांना उघाडीची कथा लावली, तर ऐकून म्हणाले, "अरे, ही वरळी म्हणजे तरी काय आहे? उघाडीच आहे. चल, दाखवतो."

बसनं आम्ही हाजी अलीकडं गेलो. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला गाड्या, मधे लाला लजपतराय मार्ग. दादा म्हणाले, "हा रस्ता नव्हे. हा बांध आहे." आणि खरंच आहे ते. या रस्त्याचं जुनं नाव हॉर्नबी वेलार्ड. वेलार्ड हा पोर्तुगीज शब्दावरून आलेला, अर्थ कुंपण किंवा बांध.

मुंबई सात बेटांची, हे शाळेत शिकलोय. पण शेतकऱ्याच्या नजरेनं ती बेटं म्हणजे कडेला उंचवटे आणि मधे मोठं खाजण. पश्चिमेला वरळीची टेकडी, तिच्या दक्षिणेला महालक्ष्मी-कंबाला हिलची टेकडी, आणि दोघींच्या मधे खांड. इंग्रज तिला ग्रेट ब्रीच म्हणायचे. भरतीचं पाणी त्या खांडीतून आत शिरायचं ते पार भायखळ्यापर्यंत. पायधुणी हे नाव तिथं पाय धुवावे लागायचे म्हणून पडलं, असं सांगतात. ब्रीच कँडीतली कँडी म्हणजे आपली खिंड, असंही म्हणतात. मला विचाराल तर खांडच असणार. आमच्याकडं बांध फुटला की खांड गेली असंच म्हणतात. हा माझा खारपट्टीचा हट्ट समजा.

ती खांड बुजवायचे प्रयत्न आधीही झाले होते. पक्कं काम झालं ते गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या काळात, १७८४ च्या सुमारास. लंडनच्या कंपनीला खर्च नको होता, आणि नकाराचं पत्र येईपर्यंत हॉर्नबीनं काम पुढं रेटलं, अशी गोष्ट सांगितली जाते. तिच्यापेक्षा मला दुसरी गोष्ट जवळची वाटते. बांधकाम करणारे पाठारे प्रभू, रामजी शिवजी. बांध घालावा आणि खचावा, परत घालावा आणि परत खचावा. मग त्यांच्या स्वप्नात देवी आली, म्हणाली मी समुद्रात आहे, मला बाहेर काढा. जाळं टाकून मूर्ती काढल्या, त्यानंतर बांध टिकला, आणि महालक्ष्मीचं देऊळ उभं राहिलं. गोष्ट श्रद्धेची आहे, तिला हात लावत नाही. पण "घालावा आणि खचावा" हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. दोन्ही टोकांना टेकडीचा खडक, मधे गाळ. टोकं हलत नाहीत, मधलं बसतं. आमच्या आठ फुटांत जे झालं तेच तिथं एवढ्या मोठ्या लांबीत होत असणार. खडकाला टेकलेलं काम आणि गाळावर बसलेलं काम एकाच सपाटीत ओतलं की ते जोडावर तुटतंच. मग वर देवाचं नाव घ्या नाहीतर पाणसळ धरा.

बांध झाला, समुद्र थांबला. मग दुसरा प्रश्न. आतलं पावसाचं पाणी?

घाटावरच्या माणसाला हा प्रश्न पटकन सुचत नाही, आमच्या पोराला सुचतो. बांधाच्या आतली जमीन भरतीच्या पातळीच्या खालीच राहिली. इंग्रज तिला फ्लॅट्स म्हणायचे, सपाट रान. सपाट नव्हतं ते, बशीसारखं होतं. चहूकडच्या टेकड्यांचं पाणी मधे. काही भागात भात व्हायचं. इंग्रजी कागदांत भाताच्या जमिनीला बॅटी ग्राउंड लिहिलेलं असतं, तो आपला भात शब्दच. आणि हे पाणी बाहेर काढायला वरळीच्या बाजूला झडपांची दारं ठेवावी लागली. ओहोटीला उघडायची, भरतीला मिटायची. म्हणजे दादा म्हणतात ते खरं. मुंबईची उघाडी वरळीला होती. पुढं शहराचं मोठं गटारही त्याच बाजूला लव्हग्रोव्हला आणून सोडलं, आणि नुसत्या झडपांनी भागेना तेव्हा वाफेवरचे पंप आले.

उघाडीचं एक गणित असतं ते इथं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. भरती-ओहोटीचं एक चक्र साडेबारा तासांच्या आत-बाहेर. त्यात झडप उघडी राहते चार-पाच तास, बाकी वेळ बंद. उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर भरती साडेचार-पाच मीटर चढते. समजा दार बंद असतानाच्या सात तासांत १०० मिलिमीटर पाऊस झाला. एक एकरावर चार लाख लिटर पाणी पडलं. आमच्या बांधाआड चाळीस एकर, म्हणजे एक कोटी साठ लाख लिटर. हे पाणी सात तास कुठं उभं राहणार? कुठंतरी राहणारच. ते आपण ठरवलं नाही तर उतार ठरवतो, आणि उतार नेहमी खालच्याच्या दारात नेऊन सोडतो.

वरळीच्या आतल्या त्या बशीचा उपयोग हाच होता. पाणी थांबायची जागा. पण शहर वाढलं. कचरा, माती, टेकड्या फोडलेला दगड, जे मिळेल ते टाकून बशी भरत गेली. १८८३ ला त्याच सखल रानाच्या एका तुकड्यावर महालक्ष्मीचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान झालं. ते एका अर्थानं बरंच झालं म्हणायचं, निदान तेवढी जागा उघडी राहिली. १८९६ ला प्लेग आला, १८९८ ला शहर सुधारायला ट्रस्ट निघाला, आणि सखल भागावर वस्ती बसवायच्या योजना सुरू झाल्या.

मग १९२० चं बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. बीडीडी म्हणजे तेच. गव्हर्नर जॉर्ज लॉईड. हा माणूस आपल्याला दुसऱ्या कामासाठी माहीत आहे. नीरेच्या कालव्यांवरचे शेतकरी वाचत असतील त्यांनी ओळखलं असेल, भाटघरच्या धरणाला लॉईड धरण म्हणायचे ते याच्याच नावानं. तर यांनी ठरवलं, गिरणी कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायच्या. पैसा कुठला? मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर. त्यातला मोठा वाटा या घरांच्या योजनेसाठी धरलेला. वऱ्हाड-खानदेशातल्या मित्रांनो, ज्या चाळीत आमच्या दादांनी जन्म काढला तिच्या काँक्रीटमधे तुमच्या पणजोबांच्या कापसाचा रुपया आहे. भरला व्यापाऱ्यानं असेल, पण व्यापारी पदरचं कधी भरतो का?

पन्नास हजार काही झाल्या नाहीत. २०७ चाळी झाल्या. वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गाला ३२, शिवडीला १२. एकेका चाळीत ऐंशी खोल्या. वरळीच्या तर सुरुवातीला ओस पडल्या होत्या. गिरण्यांपासून लांब, आणि भाडं कामगाराला जड. रिकाम्या चाळींचा उपयोग सरकारनं मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात कैदी ठेवायला केला. दादांच्या चाळीत म्हातारी माणसं सांगायची, की आपण राहतो तिथं आधी सत्याग्रही डांबले होते. नंतर कोकणातून, साताऱ्याकडून माणसं आली आणि खोल्या अशा भरल्या की पाय ठेवायला जागा नाही.

चाळी बांधणाऱ्यांचं एक मात्र मान्य करावं लागतं. वरळीच्या टेकडीच्या पूर्वेला, सखल भागाच्या कडेला एवढं वजन उभं केलं आणि शंभर वर्षं ते उभं राहिलं. भिंतींचं काँक्रीट सुटलं, सळ्या दिसायला लागल्या, गॅलऱ्यांना टेकू लागले, ते खाऱ्या हवेनं. खचणं वेगळं आणि गंजणं वेगळं. लोखंड आणि समुद्र एकत्र आले की गंज धरूनच हिशोब करायचा. आमच्या झडपेचा पत्राही दोन वर्षांत जागोजाग पापुद्रे सुटून निघाला होता. रेड ऑक्साईडचे दोन हात आणि वर निळा रंग, बस. खाडीत असल्या रंगाला कोण विचारतो.

बशी भरून टाकल्याचा हिशोब मुंबईनं २६ जुलै २००५ ला दिला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. आणि गंमत बघा, त्याच दिवशी कुलाब्याला ७४ च्या आसपास. पाऊस पडला उत्तरेला, आणि त्यात दुपारी साडेचार मीटरची भरती. दादा त्या दिवशी कुर्ल्याला कामाला होते. छातीभर पाण्यातून चालत, रात्री एका शाळेत थांबून, दुसऱ्या दिवशी दुपारी वरळीला पोचले. वहिनींनी तोवर अन्नाला हात लावला नव्हता. दादा सांगतात, "पाणी पडत होतं त्याचं भ्या नव्हतं रे. पाणी जात नव्हतं त्याचं होतं. गटाराच्या तोंडातनं उलटं येत होतं."

उलटं येणारच. मुंबईची पावसाळी गटारं ज्या तोंडांनी समुद्राला मिळतात ती १८६. त्यातली ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली, १३५ तिच्या वर पण भरतीच्या खाली, आणि भरतीच्या वर फक्त सहा. म्हणजे भरती आली की १८० तोंडांत बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा उंच. गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबानं बांधलेली, तीही ओहोटी धरून. हे दुरुस्त करायचा अहवाल १९९३ ला तयार होता. नाव त्याचं ब्रिमस्टोवॅड. बारा वर्षं तो जवळजवळ तसाच राहिला. आपल्याकडं बांधाच्या दुरुस्तीचा अर्ज जसा राहतो तसा. पुरानंतर माधवराव चितळ्यांची समिती बसली, मग कामं हलली. हाजी अलीचं पंपिंग केंद्र २०११ ला, लव्हग्रोव्ह आणि क्लीव्हलँड बंदर २०१५ ला. तीनही वरळीच्या आसपासची. भरतीला लोखंडी दारं मिटायची आणि पंपांनी पाणी दारापलीकडं फेकायचं. एकेक पंप सेकंदाला ६,००० लिटर. आपला पाच हॉर्सपॉवरचा दहा-बारा लिटर फेकतो तेवढ्यात. मी उभ्या उभ्या हिशोब केला, आमच्या चाळीस एकरांतलं सगळं पाणी तो एक पंप पाऊण तासात उपसून टाकेल. दादा म्हणाले, "मग घे की एक." म्हणलं, वीजबिल तुम्ही भरा.

पण परतीच्या एस.टी.त हेच डोक्यात घोळत राहिलं. अडीचशे वर्षांपूर्वी झडप पुरत होती, आज तिथंच प्रचंड पंप लागतो. समुद्र तर तोच आहे. फरक एवढाच, की दार बंद असताना पाणी जिथं थांबायचं ती जागा भरून टाकली. आणि आम्ही गावात काय करत होतो? तेच. आमच्या आजोबांच्या वेळी उघाडीच्या आत एक खोलगट डबरं होतं, दहा-बारा गुंठ्यांचं. तिथं कुणी पीक घ्यायचं नाही. दार मिटलं की पाणी त्यात जमायचं, ओहोटीला निघून जायचं. पोरं त्यात निवट्या पकडायची. त्या काळी बांधाची कामं जोळानं व्हायची, घरटी माणूस द्यायचा, आणि ते डबरंही जोळाचंच. पुढं खारबांध सरकारी योजनेत गेले. १९४८ ला कायदा झाला, १९७९ ला नवा झाला. बांध उंच झाले, मजबूत झाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण जोळ मोडला, आणि डबऱ्याला मालक उरला नाही. मग ते बाजूच्या शेतकऱ्यानं मातीनं भरून खाचरात घेतलं. तो शेतकरी कोण, तर मी. वीस वर्षांपूर्वी. पाच ट्रॅक्टर मुरूम मी स्वतः टाकलाय.

हे लिहायला जड जातंय, पण लिहिलं नाही तर नुसती ठेकेदाराची तक्रार होईल. दार खचलं ही त्याची चूक. खारं पाणी आत आल्यावर ते पंधरा दिवस खाचरांत उभं राहिलं, कारण त्याला जमून ओहोटीला निघून जायला डबरं नव्हतं. ती माझी.

गोव्यात खाजनात हेच काम मानस करते. लाकडी दारांची, भरती-ओहोटीवर आपोआप चालणारी. तिथंही आतल्या बाजूला पाण्याला जागा ठेवलेली असते, तीत मासे धरतात, आणि शेती, मासळी, बांध हे सगळं गावकारीच्या एका हिशोबात बसवलेलं होतं. दाराची जबाबदारी ज्याची त्यालाच तिथली मासळी, असा तो व्यवहार. माणूस फुकट राखण करत नाही, हे त्या लोकांनी आधीच ओळखलं होतं.

गावी आल्यावर मंदिरात बैठक घेतली. वरच्या अंगाचे म्हणाले, दार मोठं करा, पाणी लवकर जाऊ दे, आमची रोपं कुजतात. खालच्या अंगाचे म्हणाले, दार मोठं म्हणजे खारं मोठं, आहे तेच नीट करा. दोघांचंही बरोबर. दीड तास आवाज चढले. मग मी उठून सांगितलं, की डबरं मी परत देतो, खणायचा खर्च गावाचा. थोडा वेळ कुणी बोललं नाही. घरी येईपर्यंत सौभाग्यवतींना बातमी लागली होती, त्या मात्र बोलल्या. दहा गुंठे म्हणजे घरच्या तांदळातलं चार-पाच महिन्यांचं खाणं आहे, त्यांचं चुकत नाही. शेवटी ठरलं, की डबऱ्यात जी मासळी येईल तिचा लिलाव आमच्या नावावर, आणि उघाडीची कालवं खरवडायचं काम आमच्याकडं.

आता नवं दार कसं बसवलं ते. विचारणारे जास्त त्याचेच आहेत.

पहिलं म्हणजे जागाच सरकवली. आठवड्याच्या मापात लोखंडी सळी ठोकून ठोकून जमीन तपासली. चौदा फूट डावीकडं सगळा मुरूम लागला, तिथं तोंड घेतलं आणि ओढ्याला वळवून आणलं. तिथंही आडवा उतार आहेच, फूटभर. पण या वेळी काँक्रीटनं भरला नाही. मुरमातच पायऱ्यांसारखे तीन टप्पे खोदले, प्रत्येक टप्पा पाणसळीत, आणि त्यावर पाया सगळीकडं सारख्या जाडीचा. वजन सारखं, जमीन सारखी. गडांवर उतारावरच्या दरवाज्यापाशी बघा, दार फिरतं तेवढी जागा सपाट केलेली असते, उतार तिच्या आधी आणि नंतर. दार उताराच्या कलानं तिरकं लावलेलं कुठं दिसणार नाही. दार ओळंब्याचं ऐकतं, जमिनीचं नाही.

चौकटीचं मात्र उलटं. ती ओळंब्यात नको. जुन्या ठेकेदारानं ती अगदी ओळंब्यात उभी केली होती, म्हणून खचायच्या आधीही झडप खालून बोटभर सुटायची आणि भरतीचा दाब येईपर्यंत खारं पाणी झिरपत राहायचं. आता चौकटीची खालची कड खाडीकडं दोन बोटं पुढं घेतली. झडप वरून लोंबते, तिला सरळ लोंबायचं असतं, मधे चौकट येते, म्हणून ती स्वतःच्या वजनानं टेकून बसते. ही युक्ती लाकडी उघाडीत होती. गावातल्या पंच्याऐंशी वर्षांच्या आजोबांनी सांगितली. ते म्हणाले, "दार पोटावर निजलं पाहिजे."

उंबरा खाचरांच्या तळापेक्षा नऊ इंच खाली, नाहीतर शेवटचं पाणी निघत नाही. पत्रा आठ मिलिमीटरचा, जस्ताच्या कढईत बुडवून आणलेला, पेणच्या पुढं एक जण करून देतो. बिजागरीची दांडी स्टेनलेसची, एक बोट सैल, कालवं धरली तरी फिरेल अशी. चौकटीवर रबराची पट्टी नटबोल्टनं, चिकटवलेली नाही, दर दोन वर्षांनी बदलावी लागेल. आणि चौकटीचे चारही कोपरे कर्णात मापून भिंतीवर रंगानं लिहून ठेवलेत, तारखेसकट. दर उधाणानंतर टेप लावायची. दोन्ही कर्ण सारखे असले तर चौकट जागेवर. फरक पडला तर भात जायच्या आधी कळेल.

डबरं खणून झालंय. मीच टाकलेला मुरूम मीच काढला, तो आता बांधावर गेला. त्यात पहिल्याच आठवड्यात निवट्या दिसल्या.

परवा अमावस्या. आमच्याकडं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, अमावस्येला सव्वाअकरा येते, खाडीत इथवर चढायला अजून तास. साडेबाराला मी बॅटरी घेऊन उघाडीवर असणार आहे. आतल्या बाजूला इंचाच्या खुणा केलेली पट्टी रोवलीय, पाणी चढतं का ते दिसेल. दादाही वरळीहून येतायत, म्हणाले लिफ्टच्या घरात झोप लागत नाही. आणखी कुणाला यायचं असेल तर या, पण गमबूट घालून. बांधाला सध्या किरडू फार आहे.